गाव पाहिजे : जुनं, वायरी नसलेलं

मराठी गाव आणि सिनेमा यांची पहिली गाठ पडली ती संशयित म्हणून. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या बाहेरच्या चित्रीकरणासाठी वांगणी हे गाव धरलं. नटमंडळी त्यांच्या आधी तिथे पोचली. अंगावर राजेशाही कपडे, हातात लाकडी तलवारी, ढाली आणि भाले. गावकऱ्यांनी ही दिंडी पाहिली आणि दरोडेखोर आले म्हणून पाटलाकडे वर्दी दिली. पाटलानेही कर्तव्यात कसूर केली नाही. सत्यवचनी हरिश्चंद्राच्या अख्ख्या लवाजम्याला त्याने ताब्यात घेतलं. मागाहून फाळके आले, त्यांनी परोपरीने समजावलं, कॅमेऱ्यात फिल्म न घालताच चित्रीकरण कसं करतात ते करून दाखवलं, तेव्हा कुठे मंडळी सुटली, असं सांगतात. राणी तारामती म्हणजे अण्णा साळुंके नावाचे गृहस्थ आहेत हे त्या पाटलाच्या लक्षात आलं असतं, तर एखादं कलम नक्की वाढलं असतं.

चित्रपट 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. पण गावाच्या बाजूने पाहिलं तर खरा बदल नंतर झाला. आज तलवारी घेतलेली माणसं गावात शिरली की पाटील त्यांना ताब्यात घेत नाही. तो आधी विचारतो, ‘आमच्या पोराला काही रोल?’ आणि मग विचारतो, ‘जेवण तुमचं की आमचं?’

मी धायरीला राहतो. पुण्यात कुठे, असं कुणी विचारलं तर ‘सिंहगड रोडला’ म्हणून वेळ मारून न्यायची आणि पाहुणा फाट्यावर येऊन अडकला की मग खरं सांगायचं, असं हे ठिकाण. 2017 साली महापालिकेत जी 11 गावं घेतली, त्यांत शिल्लक राहिलेली धायरीही गेली. म्हणजे कागदोपत्री इथे आता गाव नाही. तरी धारेश्वराच्या देवळाकडे निघालं की आम्ही अजून ‘गावात चाललोय’ असंच म्हणतो. त्या एका बोलण्यावर विसंबून मध्यंतरी एका ऐतिहासिक मालिकेसाठी जागा बघणारा तरुण इकडे आला होता. लोकेशन मॅनेजर. अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट, आणि प्रत्येक खिशात एकेक चार्जर.

त्याच्या मागण्या माफक होत्या. शिवकालीन गाव, चार मातीची घरं, एक पार, एक आड, सरदाराचा वाडा. हायवेपासून जवळ. तीन बसगाड्या आणि दोन व्हॅनिटी व्हॅन लावायला जागा. शिवाय मुंबईच्या कलाकारांना रात्री परत जाता आलं पाहिजे.

देवळाच्या पुढ्यात उभं राहून त्याने दोन्ही हातांचे अंगठे आणि बोटं जुळवून डोळ्यांसमोर चौकट धरली. मीही त्याच्या खांद्यावरून त्या चौकटीत डोकावलो. शिखर सुरेख आलं होतं. शिखराला लागून मोबाइलचा टॉवर आला होता. त्याने चौकट डावीकडे नेली, तर गच्चीवर ओळीने मांडलेल्या पाण्याच्या काळ्या टाक्या. उजवीकडे केबल, इंटरनेट आणि विजेच्या वायरींची अशी गुंतवळ, की तिच्यातून एखादा कावळाही विचार करून उडेल. खाली आणली, तर कुणाची तरी दुचाकी, आणि तिच्यावर बसून कुणी तरी चहा पीत होता. वर नेली, तर गॉगल घातलेल्या एका युवा नेत्याचा वाढदिवसाचा फ्लेक्स. नेत्याच्या खाली शुभेच्छुकांची 32 तोंडं.

‘हा फ्लेक्स दोन दिवस काढता येईल का?’ त्याने विचारलं.

पारावर बसलेल्या मंडळींत एकदम शांतता पसरली. मग तिथले एक आबा समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘टॉवर काढू म्हन. टाकी हलवू. फ्लेक्सचं बोलू नगा. तुमाला सुखरूप परत जायाचंय ना?’

‘बरं, वाडा? इथे एक जुना वाडा होता असं ऐकलं.’

‘व्हता की,’ आबा खुलले. ‘आमचाच. सागवानी चौकट, ढेलज, आत चौक, परसात आड. चांगला दांडगा वाडा.’

‘कुठे आहे?’

आबांनी मान वर केली. आम्हीही केली. सात मजले होते. ‘डेव्हलपमेंटला दिला. चार फ्लॅट आलं. तुमी धा-पंधरा वर्सं उशिरा आलात बगा.’ आणि मग जराशा समजुतीने, ‘चौकट हाय अजून. धाकट्यानं टीव्ही लावलाय तीत. बगायची का?’

तो बघून आला. जाताना एवढंच म्हणाला की चौकट छान आहे, पण तीत सध्या क्रिकेट चालू आहे.

त्या दिवसापासून मी आमच्या परिसराकडे सिनेमाच्या नजरेने पाहू लागलो आणि ध्यानात आलं, की इतिहासाचं इथे काही कमी नाही. तो फक्त जिन्यापाशी पाटीवर असतो. आमच्या रस्त्याला तोरणा आहे, राजगड आहे, पुरंदर आहे. पुरंदरची लिफ्ट बंद असते. राजगडावर पाणी टँकरने चढतं, आणि तोरण्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं शिवनेरीच्या सेक्रेटरीशी पार्किंगवरून जुनं वैर आहे. तह होतो, मोडतो. कुणी तरी या सगळ्यावर मालिका काढायला हवी. निदान तिच्यासाठी पोशाख भाड्याने आणावे लागणार नाहीत.

गंमत म्हणजे गच्चीवर गेलं की हवा स्वच्छ असेल त्या दिवशी खरा सिंहगडही दिसतो. गाडीने गेलं तर पंधरा-वीस किलोमीटर. रविवार असेल तर तेवढंच, पण अर्धा दिवस. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे त्याचा कडा चढून गेले. 10 जानेवारी 2020 ला त्या रात्रीवरचा ‘तान्हाजी’ प्रदर्शित झाला. आमची अख्खी सोसायटी बघायला गेली. आपला गड मोठ्या पडद्यावर दिसणार म्हणून आधीच डोळे भरून आले होते. पडद्यावर जो कोंढाणा अवतरला, तो आकाशाला भिडलेला, खाली अथांग दऱ्या, वर अजस्र तोफ. आमच्या सोसायटीचे खजिनदार शेजारून कुजबुजले, ‘हा कुठला गड?’ दर रविवारी पहाटे गड चढणारा माणूस. त्यांना ओळखूच आला नाही. पडद्यावरचा कोंढाणा बहुतांशी संगणकावर उभा राहिला होता आणि कलाकार मुंबईच्या स्टुडिओत रंगीत पडद्यापुढे लढले होते.

खजिनदारांना वाईट वाटलं, मला वाटलं नाही. खऱ्या गडावर हा चित्रपट करून दाखवाच. मावळे जिवाच्या करारावर कडा चढून वर येणार आणि समोर काय? कांदाभजीचा घाणा. पिठलं-भाकरीची पाटी. मडक्यातलं दही घेऊन मावशी उभी, ‘दादा, या, बसा, गरम आहे.’ किल्लेदार उदेभान बिचारा वाट पाहत राहील. आमच्या मराठी सैन्याचा शत्रूपुढे निभाव लागतो, भज्यांपुढे लागत नाही.

एकूण ऐतिहासिक पुणं पुण्यात सापडत नाही, हे सिनेमावाल्यांना फार पूर्वी कळलेलं आहे. प्रभात कंपनी 1933 मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली. देहू इथून हाकेच्या अंतरावर, तरीही ‘संत तुकाराम’साठी त्यांनी आपल्या आवारात स्वतःचं देहू बांधलं. त्या देहूने पुढे 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात नाव काढलं. शनिवारवाड्याचं तर विचारूच नका. 1732 मध्ये वास्तुशांत झालेला हा वाडा 1828 मध्ये जळाला. उरला तो दिल्ली दरवाजा, तट, चौथरे आणि कारंजी. आशुतोष गोवारीकरांना 2019 च्या ‘पानिपत’साठी शनिवारवाडा हवा होता, तो कला दिग्दर्शक नितीन देसाईंनी आपल्या कर्जतच्या स्टुडिओत उभा केला. त्याच आवारात त्याआधी ‘जोधा अकबर’साठी मोगलांचा महाल उभा राहिलेला. म्हणजे मोगल आणि पेशवे कर्जतला एकाच कॅन्टीनचा चहा पिऊन गेले. पुण्याचा वाडा बघायला पुणेकराने कर्जतची गाडी धरायची, ही वेळ कुठल्याही पेशव्याने कल्पिली नसेल. बरं, कर्जतच्या वाड्यात दुपारी एक ते चार प्रवेश मिळतो का, ते विचारायचं राहिलंच.

आता खरी गोष्ट वाईची.

वाईत माझी मावशी राहते. गणपती आळीत, घाटापासून चार पावलांवर. तिच्या घराच्या दाराने आजवर जेवढे प्रांत पाहिलेत तेवढे एखाद्या बदलीच्या कलेक्टरनेही पाहिले नसतील. 1997 च्या ‘मृत्युदंड’मध्ये हा मुलूख बिहार होता. 2003 च्या ‘गंगाजल’मध्ये पुन्हा बिहार. 2004 च्या ‘स्वदेस’मध्ये पलीकडचं मेणवली उत्तर प्रदेशातलं चरणपूर झालं. ‘ओंकारा’च्या वेळी 2006 मध्ये इथे उत्तर प्रदेशातली बाहुबली मंडळी फिरून गेली. 2010 मध्ये ‘दबंग’चं लालगंज. एवढं झाल्यावर वाटलं, आता उत्तर भारतातच स्थायिक होणार, तर 2013 मध्ये ‘चेन्नई एक्सप्रेस’ आली आणि वाई एका रात्रीत तमिळनाडूत गेली. दाराला केळीचे खांब, अंगणात कोलम, भिंतींवर वाचता न येणारी अक्षरं. मावशी म्हणते, ‘मी सकाळी कोथिंबीर आणायला गेले तेव्हा महाराष्ट्र होता. परत येईपर्यंत रांगोळी बदलली.’

सिनेमाच्या दुनियेत काही चरित्र अभिनेत्री असतात. जन्मभर दुसऱ्याच्या आईची कामं करतात आणि त्यांना स्वतःचं नाव कुणी विचारत नाही. वाईचं तसं झालं आहे.

वास्तविक या गावाच्या नावावर काय कमी आहे? ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलं. घाट एकेक पायरी मोजून घ्यावा असा. कृष्णाबाईचा उत्सव होतो तेव्हा नदीकाठ फुलून येतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचा संसार याच गावात मांडला. आणि सिनेमात या गावाला काम काय, तर ‘गंगाजल’मध्ये पोलीस आणि गुंड यांच्या मारामारीला पार्श्वभूमी. विश्वकोश ज्या गावात तयार होतो, तिथे पडद्यावर अंगठे उमटवणारी जनता राहते. मेणवलीची कथा याहून भारी. ‘स्वदेस’मध्ये नासातला शास्त्रज्ञ गावात येतो, ओढ्याच्या पाण्यावर वीज तयार करतो आणि बल्ब पेटल्यावर म्हातारीचा चेहरा उजळतो. सगळं थिएटर रडलं. मेणवलीकरही रडले म्हणतात. वर्षानुवर्षं विजेची बिलं भरणाऱ्या गावाने वीज प्रथमच पाहिल्याचा अभिनय इतका झकास केला, की पुढे कुणी थकबाकी मागायला गेलं असेल तर त्याला शाहरुख खानकडे बोट दाखवलं असेल.

त्याच मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे. मोठा, चिरेबंदी, आत चौकांमागून चौक, भिंतींवर जुनी चित्रं, मागच्या दाराने थेट कृष्णेचा घाट. घाटावरच्या देवळात एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. ती चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली तेव्हाची, पोर्तुगीजांच्या चर्चमधली. आता मोजा: मराठ्यांनी जिंकलेली पोर्तुगीज घंटा, ब्राह्मणी घाटावर, हिंदी सिनेमात, कधी उत्तर प्रदेशात तर कधी तमिळ मुलखात. त्या घंटेला आपण कुठले हे सांगायला पासपोर्ट लागेल.

चित्रीकरणाचं म्हणून एक गावातलं अर्थशास्त्र असतं. ते मावशीने मला घाटावर बसवून दाखवलं. शूटिंग असलं की पहिला नियम, घाटावर धुणं धुवायला यायचं नाही. दोरी लावतात, शिट्टीवाला पोरगा उभा करतात. रोज येणाऱ्या बायका आपली बादली घेऊन आल्या पावली परत जातात. मग एक टेम्पो येतो, त्यातून वीस बायका उतरतात, आणि त्या घाटावर धुणं धुवायला बसतात. रोजंदारीवर. ‘आणि धुणं कसलं?’ मावशी म्हणाली, ‘आधीच धुतलेलं! इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नाही. आपटतात कशा, ते बघ. असं आपटलं तर एका आठवड्यात साडीचं फडकं होईल.’ तिने उठून त्या दिग्दर्शकाला तसं सांगितलंही होतं. तो म्हणाला, ‘माताजी, आपण फार नैसर्गिक आहात, पण कॅमेऱ्यात खोटं दिसेल.’

दुसरा विषय कंटिन्युइटीचा. हा शब्द वाई-मेणवलीतल्या सात वर्षांच्या पोरालाही येतो. सोमवारी ज्या दारात पांढऱ्या ठिपक्याची शेळी बांधलेली कॅमेऱ्यात आली, ती शुक्रवारी त्याच दारात, त्याच दोरीला, शक्य तर त्याच चेहऱ्याने हवी. मधल्या काळात आठवडे बाजार लागला आणि मालकाने ती विकून टाकली. शुक्रवारी सगळं युनिट उन्हात उभं, हिरो छत्रीखाली, आणि दोन प्रॉडक्शनवाले मोटरसायकलवर शेळीच्या मागावर. शेजारच्या गावात सापडली. नव्या मालकाने परिस्थिती ओळखून भाव असा सांगितला, की त्या पैशांत एक म्हैस आली असती. त्याने वर अट घातली, ‘शेळीबरोबर मी पण येणार. ती मला सोडून राहत नाही.’ ओळख होऊन तिला दोन दिवस झाले होते. पुढे त्या दृश्यात शेळी राहिली आणि हिरोचं वाक्य कापलं गेलं, असं मावशी सांगते. तिच्या सांगण्यात थोडं पाणी असतं, पण शेळीचं दूधही काही निर्भेळ मिळत नाही.

घरभाड्याचे दर ठरलेले असतात, पण त्यातही बारकावे आहेत. नुसती ओसरी हवी असेल तर एक दर. माजघरात घुसायचं असेल तर वेगळा. भिंत शेणाने सारवायची असेल तर, आणि मुद्दाम पोपडे काढायचे असतील तर आणखी. एका गृहस्थांनी दिवाळीत हौसेने दर्शनी भिंत गुलाबी रंगवली आणि जानेवारीत आलेल्या युनिटने ते घर नापसंत केलं. शेजाऱ्याची पडकी भिंत निवडली. तेव्हापासून त्या आळीत कुणी रंगाचा डबा उघडत नाही. ओल येऊ दे, पोपडे येऊ देत, जळमटं येऊ देत. सगळं ‘अ‍ॅसेट’ आहे. सूनबाईने झाडू उचलला की सासरे ओरडतात, ‘अगं, राहू दे, पीरियड जाईल!’

आता हे वाडे उरले कसे, हा प्रश्न कुणी विचारत नाही. आम्ही पुणेकर म्हणतो, वाईकरांनी परंपरा जपली. वाईकरही तसंच म्हणतात आणि मग मावशीच्या ओसरीवर दुपारी खरं बोलतात. पेशवाई गेली, रास्ते-फडणवीसांचं वैभव गेलं, वाड्यांना चाळीस वारसदार झाले, त्यांतले दहा अमेरिकेत, आणि सातबाऱ्यावरच्या सह्या काही जमेनात. तेवढ्यात एफएसआयची लाट पुण्यापर्यंत आली आणि पसरणीच्या घाटाखाली वाईत यायला तिला जरा उशीर झाला. ऐतिहासिक गाव म्हणजे ज्याला बिल्डर वेळेवर भेटला नाही ते. धायरीला तो भेटला. आबांना चार फ्लॅट मिळाले आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही, कारण मी राहतो ती जागाही कुणाच्या तरी गोठ्याचीच आहे. वाड्यात राहायचं कसं असतं ते पडद्यावर दिसत नाही. पावसाळ्यात आठ पातेली गळतीखाली ठेवून नववं भातासाठी शोधत राहावं लागतं.

पावसाळ्यावरून आठवलं. सासवडला, म्हणजे आमच्या मागचे डोंगर ओलांडले की, सरदार पुरंदऱ्यांचा वाडा आहे. किल्ल्यासारखा तट, बुरूज, भलामोठा दरवाजा. अंबाजीपंत पुरंदरे म्हणजे बाळाजी विश्वनाथांचे जिवलग. भट घराण्याच्या उत्कर्षाला आरंभापासून खांदा लावलेलं हे घराणं. 2018 मध्ये राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा चित्रपट आला. त्याचा बहुतेक सगळा पाऊस खराखुरा, म्हणून कित्येक पावसाळे चित्रीकरण चाललं. तेव्हा बेताचाच चालला आणि 2024 च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला. त्यात हाच वाडा आहे. आता सुट्टीच्या दिवशी पोरं सासवडला येतात आणि विचारतात, ‘हस्तरचं घर कुठलं?’ हस्तर म्हणजे त्या सिनेमातला सोन्याची नाणी बाळगणारा राक्षस. अंबाजीपंतांचं नाव घेतलं तर ‘तो सीझन टूमध्ये आहे का?’ असा चेहरा करतात. आणि खरं तुंबाड तिकडे रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात, श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीतल्या खोतांनी आधीच नावारूपाला आणलेलं. तिथे जाऊन कुणी सोन्याची नाणी शोधतं की नाही कोण जाणे. शोधत असतील तर तिथल्या लोकांनी खोदाईचे पैसे घ्यावेत.

कोकणाने या बाबतीत वेगळाच अनुभव घेतला. 2016 मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली. सिंधुदुर्गातल्या आकेरी गावातलं घर तिच्यात नाईकांचा वाडा झालं. मालिकेने मराठी घरांची रात्रीची झोप घालवली आणि आकेरीची दिवसाची. पर्यटकांच्या गाड्या लागू लागल्या. तारकर्लीला जाताना वाटेत भूत बघून जाऊ, इतक्या सहज. कल्पना करा, तुम्ही अंगणात कोकमं वाळत घालताय आणि फाटकाशी पुण्याचं आठजणांचं कुटुंब उभं. ‘अण्णा आहेत का?’ तुमच्या घरात खरोखरीच एक अण्णा असतील तर मामला आणखी कठीण. मालिकेतल्या अण्णांच्या शेवंताबद्दल विचारणाऱ्यांना घरातल्या बाईमाणसांनी काय उत्तर द्यायचं, याचं मार्गदर्शन पर्यटन विभागाने अद्याप केलेलं नाही.

परदेशी लोकांनी मात्र हा व्यवहार नीट मार्गी लावलेला आहे. इंग्लंडात लेकॉक नावाचं गाव आहे. 1944 पासून ते बहुतेक सगळं नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात. विजेच्या तारा जमिनीखाली, छपरांवर अँटेना नाहीत. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची मालिका तिथे झाली, हॅरी पॉटरही येऊन गेला. रस्त्यावर माती पसरली, गाड्या हलवल्या, की एकोणिसावं शतक तयार. मी हे आमच्या सोसायटीच्या सभेत उत्साहाने सांगितलं. सुचवलं, की निदान एसीचे डबे मागच्या बाजूला आणि वायरी एका पाइपात घेऊ. चेअरमन म्हणाले, ‘चित्रीकरण झालं तर भाडं सोसायटीला की ज्याच्या गॅलरीत झालं त्याला?’ पुढचा सव्वा तास त्या न झालेल्या चित्रीकरणाचं न मिळालेलं भाडं वाटण्यात गेला. दोघं उठून गेले, आणि आजतागायत ते एकमेकांशी बोलत नाहीत.

न्यूझीलंडचा हिशेब तर याहून सरळ. माटामाटाजवळ एका मेंढपाळाच्या कुरणात ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’साठी बुटक्या हॉबिट लोकांचं गाव उभारलं. पुढच्या चित्रपटांच्या वेळी ते टिकाऊ करून बांधलं, आणि आता जगभरातून माणसं तिकीट काढून टेकडीतली ती गोल दारं बघायला जातात. बहुतेक दारांमागे घर नाही. मी आबांना हे सांगितलं तेव्हा त्यांना काही नवल वाटलं नाही. ‘आमच्याकडं बी हाय की. पैसं भरून दहा वर्सं झाली, दार दिसतंय ब्रोशरमधी.’

आमच्याकडे न्यूझीलंडपेक्षा टेकड्या कमी नाहीत. धायरीच्या भोवतालीच किती आहेत. मात्र टेकडीत गोल दार बसवण्याआधी तिथे कुणी तरी चौकोनी दार बसवून मोकळा होतो. जवळच आंबेगावला बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या कल्पनेतली शिवसृष्टी उभी राहते आहे. तिचा पहिला टप्पा 19 फेब्रुवारी 2023 ला खुला झाला. खरे वाडे पाडून झाल्यावर नवा दगडी सरकारवाडा बांधायचा, आणि तो बघायला तिकीट काढून जायचं, हा क्रम मला आता अगदी सरळ वाटू लागला आहे. तसा तो वाडा छान आहे. वायरी दिसत नाहीत.

आता निर्माते-दिग्दर्शकांना एक विनंती. धायरीकडे ऐतिहासिक कामासाठी येऊ नका. आमच्याकडे देण्यासारखं फक्त वर्तमान आहे. भर गर्दीत रथ, उंट, हत्ती, तोफा आणि पाच हजार माणसं एकाच वेळी अडकलेली दाखवायची असतील, तर सकाळी नऊ वाजता फाट्यावर या. माणसं आम्ही पुरवू. चेहऱ्यावर पराभवाचा भाव लागत असेल तर त्यासाठी मेकअपचीही जरुरी नाही.

वाईकडे मात्र जा, आणि या वेळी वेगळं काही करा. 1659 मध्ये अफझलखान प्रतापगडाकडे निघाला तो वाईहून. तो वाईचा सुभेदार होता, या घाटावरच्या वाऱ्याची त्याला सवय होती. तुमच्या पुढच्या चित्रपटात खानाचा तळ दाखवाल तेव्हा तो इथेच टाका आणि पडद्यावर खाली चार अक्षरं लिहा: ‘वाई, जिल्हा सातारा’. मानधन तेच असू द्या, जेवण तुमचं असू द्या, मावशी शेळीही मिळवून देईल. फक्त घाटावर त्या दिवशी तिथल्याच बायकांना धुणं धुऊ द्या.